पेटीतल्या पत्रावरचा लेफ्टनंट कसा शोधायचा?

नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे: "आमचे एक पूर्वज मालेगावच्या छावणीत साहेबलोकांना मराठी शिकवत, असं घरात सांगतात. जुन्या पेटीत एक इंग्रजी पत्र सापडलं. या पंडिताने मला मन लावून शिकवलं, अशा अर्थाचं. साल १८४४. सहीतलं आडनाव अर्धंच लागतं. खाली 'लेफ्ट., बी.एन.आय., कँप मल्लीगॉम' असं आहे. हा माणूस कोण, कुठल्या घराण्यातला, पुढे त्याचं काय झालं? 'ब्रिटिश आर्मी ऑफिसर' म्हणून नेटवर महिनाभर शोधलं, काही हाती लागत नाही."

लागणार नाही, कारण तुम्ही भलत्याच फौजेत शोधताय. बी.एन.आय. म्हणजे 'ब्रिटिश नेटिव्ह इन्फन्ट्री' नव्हे. ते बहुधा 'बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री' आहे. 'बहुधा' म्हणायचं कारण, बंगालच्या पलटणीही हीच तीन अक्षरं लावत. १८४४ साली मालेगावात बसून लिहिणारा माणूस मुंबई फौजेतला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे तो राणी व्हिक्टोरियाच्या सैन्यातला नव्हे, कंपनी सरकारचा नोकर. अंगावर लाल डगला दोघांच्याही असे, पण भरती वेगळी, बढतीचे नियम वेगळे, पेन्शन वेगळं, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे दप्तरं वेगळी, तीही लंडनच्या दोन टोकांना. राणीच्या सैन्याची कागदपत्रं क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, कंपनीची ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात.

म्हणून असा कोणताही शोध हातात घेतला की मी नाव बाजूला ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो: याचा पगार कोण देत होतं? राजा-राणी, की कंपनी? कंपनी असेल तर बंगाल, मद्रास की मुंबई? की यातलं कोणीच नाही? कारण तिसरीही जात होती. निजामाच्या फौजेवर गोरे अधिकारी असत आणि जालना, हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर इथे त्यांच्या छावण्या होत्या. मेडोज टेलर हे त्यातलं ठळक उदाहरण. जन्म लिव्हरपूलचा, १८०८चा. १८२४ साली पोरवयात मुंबईला उतरले आणि निजामाच्या चाकरीत गेले. त्यांना कंपनीच्या लष्करी यादीत शोधत बसलात तर दिवस फुकट जातील.

छावणीच्या गावावरून फौज ठरवतानाही जरा जपून. जॉन ब्रिग्ज १८१८ नंतर खानदेशात कारभार पाहत होते, पुढे साताऱ्याला रेसिडेंट झाले. आपल्याकडच्या इतिहासात ते इतके मुरलेले आहेत की ते मुंबईचेच वाटतात. प्रत्यक्षात ते मद्रास फौजेतले, १८०१ सालचे भरती. त्यांच्या नोकरीचा कागद मुंबईच्या खंडांत मिळायचा नाही. जेम्स औट्रमचं वेगळंच. फौज मुंबईचीच, कागदोपत्री २३व्या पलटणीत, पण १८२५ पासून दहा वर्षं माणूस धरणगावला भिल्लांची पलटण उभी करण्यात आणि चालवण्यात. तेव्हा तुमचे लेफ्टनंट मालेगावात 'होते' याचा अर्थ त्यांची पलटण तिथे होतीच, असा लगेच धरू नका.

आता कामाला लागू. पहिली पायरी घरबसल्या आणि फुकट. 'ईस्ट इंडिया रजिस्टर अँड डिरेक्टरी' १८०३ ते १८६० पर्यंत निघत असे. त्याचे बरेच खंड स्कॅन होऊन नेटवर आहेत. १८४४चा घ्या, सोबत १८४३ आणि १८४५चेही. त्यात प्रत्येक इलाख्याच्या फौजेची यादी पलटणवार असते: कर्नल, लेफ्टनंट-कर्नल, मेजर, मग कॅप्टन, लेफ्टनंट, शेवटी एन्साइन. नावापुढे त्या हुद्द्याची तारीख आणि भरतीचं साल. मुंबईच्या पायदळ पलटणी तेव्हा पंचवीसच्या आसपास, दर पलटणीला आठ-दहा लेफ्टनंट. म्हणजे सगळे मिळून दोन-अडीचशे माणसं. एक रविवार घालवलात तर ही यादी बोटाने खाली उतरत पूर्ण वाचून होते. अर्धवट आडनाव उलगडायला यापेक्षा बरा उपाय मला माहीत नाही. सहीचा फोटो शेजारी ठेवा आणि प्रत्येक लेफ्टनंटाचं नाव त्या सहीत 'बसतं' का ते बघा. पहिलं अक्षर, वर जाणाऱ्या रेषा किती, खाली उतरणाऱ्या किती, एवढ्यावर दोनशेतले दहा उरतात. मग त्या साली मालेगावात कोणती पलटण होती ते मुंबईच्या जुन्या 'कॅलेंडरां'तून (म्हणजे दरसाल निघणाऱ्या माहितीपुस्तकांतून) आणि वर्तमानपत्रांतून काढलं की दहाचे दोन-तीन.

एक खोच लक्षात ठेवा. कंपनीच्या फौजेत बढती पलटणीतल्या ज्येष्ठतेने मिळे, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं लेफ्टनंटच राही. पंधरा वर्षं झाली की त्याला 'ब्रेव्हेट कॅप्टन' म्हणत. मान कॅप्टनचा, पलटणीतली जागा लेफ्टनंटाची. तुमच्या पत्रावर नुसतं 'लेफ्ट.' आहे. म्हणजे माणूस १८२९ नंतर भरती झालेला, पंचविशी-तिशीतला, असं पकडून चालायला हरकत नाही.

पलटणीच्या आकड्यांनी तर भल्याभल्यांना चकवलं आहे. १८२४ पर्यंत एका रेजिमेंटच्या दोन बटालियन असत आणि ते '२/१' असं लिहीत, म्हणजे पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. कोरेगावच्या १८१८च्या लढाईतली कंपनीची पलटण हीच. १८२४ साली बटालियनी सुट्या करून नवे आकडे दिले, तेव्हा ती '२ री ग्रेनेडियर' झाली. १९०३ साली पुन्हा आकडे बदलले आणि ती १०२ झाली. पलटण तीच, आकडे तीन. तुमचं पत्र १८४४चं, तेव्हा या घोळातून सुटलात. पण त्याच अधिकाऱ्याच्या वरिष्ठांचा माग काढायला गेलात तर अडकाल.

गावांची नावं शोधताना जुन्या इंग्रजी धाटणीने शोधा. मालेगावचं 'मल्लीगॉम' तुमच्या पत्रातच आहे. शिरूरचं 'सीरूर', ठाण्याचं 'टॅना', खडकीचं 'किर्की', खानदेशाचं 'कँडेश'. आजच्या स्पेलिंगने शोध घेतला की यंत्र सरळ 'काही नाही' म्हणतं, आणि आपण समजतो की नोंदच नाही.

मराठी शिकवण्याचा जो धागा तुमच्याकडे आहे तो मला तरी सोन्यासारखा वाटतो. साहेब हौसेने शिकत नव्हते. पलटणीत दुभाष्याची जागा हवी असेल किंवा मुलकी कामावर नेमणूक हवी असेल तर देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. हिंदुस्तानी तर हवीच, मराठी आणि गुजराती वेगळ्या. शिकवणाऱ्याचं पोट त्यावर चाले आणि शिकणाऱ्याची बढती. परीक्षा उतरलेल्यांची नावं लष्करी हुकमांत छापून येत, आणि मुंबईची वर्तमानपत्रं व लंडनचं 'एशियाटिक जर्नल' ती उचलत. 'मराठ्टा' हा शब्द घेऊन १८४३ ते १८४५चे अंक चाळा. तुमच्या दोन-तीन उमेदवारांतला एक जण त्याच सुमारास मराठीत पास झालेला दिसला, तर नव्वद टक्के काम झालं. आणि पूर्वजांच्या शिकवणीचा निकालही तुम्हाला पावणेदोनशे वर्षांनी कळेल, हे वर.

(जाता जाता: आपला सगळ्यात मोठा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश करणारे मोल्सवर्थ आणि त्यांना हात देणारे थॉमस कँडी, दोघेही याच मुंबई फौजेतले. आपण कँडींना अजून 'मेजर कँडी' म्हणतो. पलटणी विसरलो, हुद्दा विसरलो नाही.)

नाव नक्की झालं की खरी मजा सुरू होते. घराण्याचा पत्ता मिळतो तो 'कॅडेट पेपर्स'मधून, म्हणजे अधिकारी म्हणून फौजेत शिरू बघणाऱ्या मुलांच्या अर्जांतून. कंपनीच्या फौजेत शिरायला पैसे मोजून हुद्दा विकत घ्यायची सोय नव्हती. लागे तो वशिला. कंपनीचे २४ डायरेक्टर, प्रत्येकाच्या वाट्याला दरसाल काही जागा. मुलाने अर्ज करायचा, कोणी शिफारस केली ते लिहायचं, ज्या डायरेक्टरने जागा दिली त्याने सही करायची. १८०९ साली या जागा चोरून विकल्याचं प्रकरण पार्लमेंटात गाजलं, आणि त्यानंतर जागेपायी कोणाला काही दिलं-घेतलं नाही, असं लिहून द्यायला लावण्याचा जोर वाढला. अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो: गाव, चर्च, जन्मतारीख, बापाचं नाव, आईचं नाव. दाखला मिळत नसेल तर घरच्या कोणाचं शपथपत्र. शिक्षण कुठे झालं तेही विचारलेलं असतं. पायदळाचा कॅडेट साधारण सोळा ते बावीस या वयातला असावा, असा दंडक. तोफखान्याचा किंवा इंजिनिअर असेल तर तो १८०९ नंतर ॲडिस्कोंबच्या कंपनीच्या विद्यालयातून आलेला असतो आणि त्याचे तिथले कागद वेगळे.

एका माणसाचे असे दोन-चारच कागद असतात, पण त्यांतून अख्खं घर उभं राहतं. शिफारस करणारा बहुतेक वेळा मामा, चुलता नाहीतर बापाचा जुना सोबती निघतो. डायरेक्टरचं नाव बघून घराण्याचं वजन कळतं. इंडिया ऑफिसच्या दप्तरात हे कागद 'एल/मिल/९' या मालिकेत आहेत, १७८९ पासून १८६० पर्यंत. अधिकाऱ्यांच्या नोकरीचे खंड इलाख्यावार: बंगालचे 'एल/मिल/१०', मद्रासचे '११', मुंबईचे '१२'. सूचीत शोधताना ही अक्षरं अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. यातलं बरंचसं पैसे भरून बघायच्या वंशावळीच्या साइटवर स्कॅन झालेलं आहे. पण आधी 'फिबिस' या संस्थेचा फुकट शोध वापरून बघा. ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या कुटुंबांच्या वंशजांनी ती चालवली आहे, आणि स्वयंसेवकांनी लाखो नोंदी टाइप करून ठेवल्या आहेत.

कॅडेट पेपर बघाच, असा माझा आग्रह का, ते सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका कुटुंबासाठी चार महिने एका कॅप्टनचा माग काढला. जन्मगाव, भावंडं, लग्न, चेल्तनहॅममधलं म्हातारपण, सगळं जुळवून सुरेख वंशवृक्ष पाठवला. महिन्याभराने त्यांच्याकडून मूळ पत्राचा मोठा फोटो आला. सहीतला मोठा 'टी' वेगळाच! त्यांच्या पत्रात 'टी'ची आडवी रेघ पुढच्या अक्षरांवरून लांब छपरासारखी गेलेली, आणि मी ज्याचा अर्ज पाहिला होता त्याचा 'टी' अगदी शाळकरी, छोट्या टोपीचा. सतरा वर्षांच्या पोराची सही आणि चाळिशीतल्या माणसाची सही सारखी नसणार, अशी आधी मनाची समजूत घातली. मग दुसऱ्या इलाख्याची यादी उघडली. त्याच नावाचा, त्याच आद्याक्षरांचा माणूस मद्रास फौजेत होता. त्याचा अर्ज मागवला, तर सोळाव्या वर्षीही छप्पर तेच. चार महिन्यांचं काम परत केलं, पैसेही. तेव्हापासून सही जुळेपर्यंत मी कोणालाही वंशवृक्ष देत नाही.

लग्न, मुलं आणि मरण यांसाठी चर्चच्या नोंदी. हिंदुस्थानातल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला करून लंडनला पाठवायच्या, असा रिवाज होता. 'एन/१' बंगाल, 'एन/२' मद्रास, 'एन/३' मुंबई. दफनाच्या ओळीत हुद्दा, वय, तारीख आणि पाद्र्याची सही. बाप्तिस्म्याच्या ओळीत बापाचा हुद्दा आणि बहुधा पलटण, म्हणून एकाच बापाच्या चार मुलांचे बाप्तिस्मे लावले तरी त्याच्या बदल्यांचा नकाशा तयार होतो: एक पोर पुण्याला, एक नगरला, एक भूजला. शिवाय फौजेचा विधवा-अनाथांसाठीचा फंड होता. लग्न झालं की वर्गणी वाढे, मूल झालं की नोंद होई. फंडाला खोटं सांगून चालत नसे, त्यामुळे या नोंदी मला चर्चपेक्षाही भरवशाच्या वाटतात.

लग्न साधारण कधी शोधायचं, याचाही अंदाज बांधता येतो. दहा वर्षं नोकरी झाली की तीन वर्षांची मोठी रजा मिळे, तिला फर्लो म्हणत. बरीच लग्नं त्या रजेत, मायदेशी होत. तेव्हा मुंबईच्या नोंदींत लग्न दिसलं नाही तर भरतीच्या सालात दहा-तेरा मिळवा आणि इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडच्या नोंदींत शोधा. इंग्लंडात नागरी नोंदणी जुलै १८३७ पासून आहे, म्हणजे तुमच्या माणसाचं लग्न त्यात सापडायला हवं. आयर्लंडचा निघाला तर मन घट्ट करा. १९२२ साली डब्लिनच्या दप्तरखान्याला आग लागली आणि तिथलं खूप काही गेलं.

सगळीच कुटुंबं चर्चच्या वहीत मावत नसत, हेही सांगायला हवं. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला अनेक अधिकाऱ्यांच्या घरी इथलीच बाई असे. मुलांच्या बाप्तिस्म्यात बापाचं नाव लिहिलेलं, आईच्या जागी काहीच नाही किंवा नुसतं 'नेटिव्ह बाई'. १८४४ पर्यंत हे उघडपणे कमी झालं होतं, संपलं नव्हतं. अशा आईचं नाव कुठे मिळालंच तर मृत्युपत्रात, दरमहा अमुक रुपये द्यावेत अशा एखाद्या कलमात. मृत्युपत्रं आणि मागे राहिलेल्या मालमत्तेच्या याद्या 'एल/एजी/३४' मालिकेत आहेत. छावणीत अधिकारी मेला की त्याच्या सामानाचा लिलाव होई, आणि कोणती वस्तू कोणी केवढ्याला घेतली त्याची यादी बने. मी वाचलेल्या एका यादीत खोगीर, तंबू, मोडकी कॅम्प खुर्ची, मदेरा वाइनच्या बाटल्या आणि एक मराठी व्याकरण होतं. घोडा पलटणीच्या डॉक्टरने घेतला. व्याकरण कोणीच घेतलं नाही.

आता नावाचा चकवा. त्यासाठी आपल्या सर्वांच्या ओळखीचा माणूस घेतो: साताऱ्याचा ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. कोणी मला विचारलं की १८१८ सालच्या फौजेच्या यादीत डफ सापडत नाही, तर मी म्हणेन, सापडणारच नाही. तेव्हा तो डफ नव्हताच. जन्म ८ जुलै १७८९, स्कॉटलंडातल्या बॅन्फ गावी. बाप जॉन ग्रँट, आई मार्गारेट मिल्न डफ. मुलगा दहाएक वर्षांचा असताना बाप वारला, आई त्याला घेऊन ॲबर्डीनला गेली, तिथे तो मारिशल कॉलेजात शिकला. खरं तर जायचं होतं मुलकी नोकरीत, पण तिथल्या जागेची वाट बघवेना म्हणून १८०५ साली कॅडेट होऊन मुंबईला आला आणि बॉम्बे ग्रेनेडियर्समध्ये गेला. पलटणीचा ॲडज्युटंट झाला, फारसी दुभाष्या झाला, मग पुण्याला एल्फिन्स्टनच्या हाताखाली. पेशवाई बुडाल्यावर प्रतापसिंह महाराजांजवळ साताऱ्याला नेमणूक झाली, पाच वर्षांत तब्येत ढासळली, मायदेशी परतला. या सगळ्या काळात कागदावर तो 'जेम्स ग्रँट'. साताऱ्याच्या पत्रव्यवहारात 'कॅप्टन ग्रँट' शोधा.

आई १८२४च्या ऑगस्टमध्ये वारली, तिच्या माहेरची ईडनची जहागीर याच्याकडे आली, आणि १८२५च्या सुमारास त्याने 'डफ' जोडलं. त्याच साली व्हाइटलॉ एन्स्ली यांच्या एकुलत्या मुलीशी, जेन कॅथरिनशी, लग्न. १८२६ साली इतिहास छापून आला तो 'ग्रँट डफ' या नव्या नावाने, आणि आपण तेवढंच लक्षात ठेवलं. पुढे १८५० साली बायकोला तिच्या आजोळची फाइफ परगण्यातली जहागीर मिळाली, तेव्हा याने आणखी 'कनिंगहॅम' लावलं. एका माणसाची तीन नावं, आणि प्रत्येक नावाला कारण एकच: जमीन. स्कॉटिश घराण्यांत हे फार चाले. माणूस यादीतून एकाएकी नाहीसा झाला, मेल्याची नोंद नाही, राजीनाम्याची नाही, तर आईचं किंवा बायकोचं आडनाव लावून बघायचं.

त्याच्या थोरल्या मुलाचं नाव मात्र बघा: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. जन्म १८२९, पुढे १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर. बापाला ज्याने वर आणलं त्याचं अख्खं नाव पोराला. आपल्याकडे आजोबांचं नाव ठेवतात, तसं यांच्यात उपकारकर्त्याचंही ठेवत. म्हणून तुमच्या लेफ्टनंटाचं मधलं नाव आडनावासारखं दिसत असेल तर ते सोडू नका. ते आईचं माहेर असेल, नाहीतर ज्याच्या वशिल्याने नोकरी लागली तो गृहस्थ. ग्रँट डफ वारला २३ सप्टेंबर १८५८ रोजी. स्कॉटलंडात नागरी नोंदणी १८५५ साली सुरू झाली आणि तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मयताच्या आईबापांची दोघांचीही नावं लिहितात, आईचं माहेरच्या आडनावासकट. इंग्लंडच्या दाखल्यात हे नसतं. माणूस १८५५ नंतर स्कॉटलंडात मेला असेल तर आधी त्याचा मृत्यूच शोधा. वंशावळ तिथून उलटी लागते.

समजा सगळं करूनही तुमचा माणूस कंपनीच्या यादीत आला नाही, राणीच्या पलटणीचा निघाला, तर वाट बदलते. तिथे १८७१ पर्यंत हुद्दे चक्क विकत घेत. १८२१च्या सरकारी दराने साध्या पायदळाचा एन्साइन ४५० पौंड, कॅप्टन १८००, लेफ्टनंट-कर्नल ४५००. वरून हातावर ठेवायचे ते वेगळे. 'लंडन गॅझेट' नेटवर फुकट शोधता येतं. त्यातली ओळ साधारण अशी: अमुक लेफ्टनंट, 'टु बी कॅप्टन, बाय पर्चेस, व्हाइस तमुक, हू रिटायर्स'. म्हणजे तमुक निवृत्त होतो, त्याची जागा अमुकने पैसे मोजून घेतली. ही तारीख हातात आली की क्यूला 'डब्ल्यूओ ३१' मालिकेत त्या तारखेचा गठ्ठा मागायचा. १७९३ ते १८७० पर्यंतचे अर्ज आणि शिफारसपत्रं त्यात तारखेप्रमाणे बांधलेली आहेत, कधी बापाच्या हातची. 'डब्ल्यूओ २५'मध्ये १८२९ साली अधिकाऱ्यांकडून भरून घेतलेली माहिती आहे, तीत लग्नाची तारीख आणि मुलांचे जन्मही. १८३९ पासून निघणाऱ्या हार्टच्या आर्मी लिस्टमध्ये तळटिपांत कोणती लढाई लढला ते दिलेलं असतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या याद्या स्कॅन करून खुल्या ठेवल्या आहेत. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या रोजच्या बढत्या मात्र १८५८च्या आधी गॅझेटमध्ये शोधू नका.

तुमचे लेफ्टनंट १८५७च्या पुढे जगले असतील तर कंपनीचं राज्य संपल्यावर फौजेची नवी घडी बसवली त्या १८६१च्या उलथापालथीत ते 'बॉम्बे स्टाफ कॉर्प्स' या अधिकाऱ्यांच्या नव्या गटात गेले का, ते बघा. निवृत्त होऊन परतले असतील तर १८५१, १८६१, १८७१ची खानेसुमारी. चेल्तनहॅम आणि बाथ ही अशा पेन्शनरांची आवडती गावं. धंद्याच्या रकान्यात कंपनीच्या नोकरीची आद्याक्षरं, घरात बायको, दोन मुली, आणि मुलींच्या जन्मगावाच्या रकान्यात 'ईस्ट इंडीज, पूना'. ही ओळ पहिल्यांदा दिसते तेव्हा अंगावर काटा येतो, अजूनही.

इकडे काय बघता येईल? मुंबईच्या पुराभिलेखागारात लष्करी खात्याचे खंड आहेत, पण तारखा आणि पलटण हातात असल्याखेरीज तिथे जाऊ नका. नुसतं नाव घेऊन गेलात तर तिथले लोकही हतबल. सिंध-अफगाण मोहिमेत तो गेला असेल, आणि १८३८ ते १८४३ या काळातला मुंबई फौजेचा तरुण अधिकारी गेलेला असणं अगदी शक्य आहे, तर कुलाब्याचं अफगाण चर्च एकदा बघा. पुण्याचं सेंट मेरीज, फोर्टातलं सेंट थॉमस यांच्या भिंतींवरचे स्मृतिफलकही वाचण्यासारखे. मालेगावातली जुनी थडगी तुम्ही तिथलेच म्हणून सवडीने पाहू शकता. जाताना ब्रश आणि पाण्याची बाटली न्या, खडू किंवा तारेचा घासणा नको. कोवळ्या दगडावरची अक्षरं त्याने कायमची जातात. तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या आत फोटो काढा. दुपारी तोच दगड कोरा दिसतो.

आणि हे सगळं करायच्या आधी एक करा. पत्र खिडकीच्या उजेडासमोर धरून बघा. त्या काळच्या चांगल्या इंग्रजी कागदात गिरणीचं नाव आणि बऱ्याचदा साल जलचिन्हात असे. ते १८४४च्या पुढचं निघालं तर पत्र अस्सल नाही, नंतर उतरवून घेतलेली नक्कल आहे, आणि मग सही जुळवण्यात अर्थ नाही. साल आधीचं निघालं तर सहीचा आणि पत्राच्या पाठीमागचा, घडीवरचा, असे दोन फोटो पाठवा. पाठीमागे बहुतेकदा मोडीत एखादी ओळ असते: पत्र कोणाचं, कधी आलं. साहेबाचं नाव तुमच्या पूर्वजांनी ऐकलं तसं तिथे लिहून ठेवलेलं असेल, तर अर्ध्या सहीपेक्षा ते वाचायला सोपं जाईल.